खिडकी वाढवावी

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार

दिवाळीची सुटी संपली. कॉलेजच्या ग्रंथालयात दोन संगणक आले आहेत. खोक्यांबरोबर दोन इंग्रजी पुस्तकेही आली, एक चारशे पानांचे आणि एक दोनशेचे. प्राचार्यांनी दोन्ही माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "परतूरकर, याची मराठीत एक सोपी पुस्तिका करा. आपल्या लोकांना इंग्रजी झेपत नाही. संस्था छापेल. मुखपृष्ठावर तुमचं नाव."

बावीस वर्षे अंबडला मराठी शिकवतो आहे. माझ्या नावाचे एकही पुस्तक नाही. ही गोष्ट मला त्यांच्यासमोर बसल्या बसल्या आठवली आणि मी लगेच हो म्हणालो.

११ नोव्हेंबर

पुस्तिका मुख्यतः कोणासाठी, ते आज कळले. संस्थेचा ठराव असा: ग्रंथालयाची सगळी कार्डे संगणकावर चढवायची. जानेवारीअखेर चाचणी. द्वारकाबाई ती उत्तीर्ण झाल्या तर त्यांना लिपिक म्हणून कायम करायचे. नाही तर त्यांची मुदत ३१ जानेवारीला संपते, ती वाढणार नाही.

द्वारकाबाई ग्रंथालयात परिचर आहेत. नवरा कॉलेजात शिपाई होता. तीन वर्षांपूर्वी तो गेला आणि अनुकंपेवर यांना घेतले. दहावी झालेल्या आहेत. अक्षर गोल, कार्डे स्वच्छ. दोन मुली अंबडच्याच शाळेत आहेत. नोकरी गेली तर टेंभुर्णीला भावाकडे राहावे लागेल, असे ग्रंथपाल केशवराव म्हणाले. केशवराव स्वतः संगणकाजवळ जात नाहीत. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, एवढेच कारण देतात.

१४ नोव्हेंबर, शनिवार

संगणक बसवायला बदनापूरचा मच्छिंद्र आला. माझाच विद्यार्थी. मराठीत पास व्हायला दोन गुण कमी पडले होते. ते मी दिले नव्हते. त्याच्या मनात राग दिसला नाही.

मी पुस्तिकेचे सांगितले तर हसला.

"सर, पुस्तक कामून? खणाला मूठ असली का माणूस वढतो. त्याला पुस्तक लागतं का? ज्या यंत्राला पुस्तक लागतं ते यंत्रच बराबर न्हाई."

"हे खणासारखे सोपे नाही."

"झालं पायजे. समदी चित्रं दिलेत त्यात. चित्राला भाषा लागत न्हाई."

मी म्हणालो, प्रत्येक गोष्टीला व्याकरण असते आणि ते शिकावे लागते.

"तुमी व्याकरण वाचून बोलाया शिकले का, सर?"

याचे उत्तर घरी येताना सुचले: भाषेला आई असते, यंत्राला नसते. त्याला सांगायचे राहिले. तो दहा शाळांचे काम पाहतो, महिन्यातून एकदा येईल.

२३ नोव्हेंबर

बी.ए. द्वितीय वर्ष. शब्दांचे अर्थ कसे बदलतात, हा पाठ. अशुभ टाळण्यासाठी माणूस उलटा शब्द वापरतो, हे समजावले. दुकान बंद करणे न म्हणता दुकान वाढवणे. बांगड्या फोडणे न म्हणता बांगड्या वाढवणे. नारळसुद्धा आपण वाढवतो. मुलांनी उदाहरणे उतरवून घेतली. चांगला तास झाला. दरवर्षी होतो.

२७ नोव्हेंबर

तिसरे प्रकरण झाले. पडद्यावर जे चौकटीसारखे उघडते त्याला खिडकी म्हटले आहे. तिच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात तीन चौकोन असतात. पहिल्याने खिडकी खाली जाऊन बसते, तिसऱ्याने बंद होते. मधल्याने ती पडदाभर मोठी होते. या मधल्यासाठी शब्द शोधण्यात दोन दिवस गेले. 'विस्तारणे' जड वाटला. 'मोठे करणे' पोरकट. शेवटी 'वाढवणे' घेतला. साधा, घरातला शब्द. पान ३१ वर वाक्य असे आहे: 'मधला चौकोन दाबून खिडकी वाढवावी.'

संध्याकाळी बायकोला, विमलला, सगळे प्रकरण वाचून दाखवले. ती मटार सोलत होती. कुठेही अडली नाही. सामान्य वाचकाला समजते, याची खात्री पटली.

मिक्सरचे पुस्तक आमच्याकडे सहा वर्षांपासून प्लास्टिकमध्येच आहे. मागे मी ते वाचले आणि विमल भांडे चुकीच्या बाजूने बसवते असे तिला दाखवून दिले होते. तिने ऐकून घेतले. चटणी झाली होती.

१२ डिसेंबर

पुस्तिका पूर्ण. एकशे बारा पाने. पहिले वाक्य: 'संगणक ही एक पाटी आहे.' हे वाक्य मला आवडते. पान ८ वर ठळक अक्षरात ताकीद: 'संगणक कधीही थेट बंद करू नये.' केलेले काम ठेवण्याची रीत एकाच ठिकाणी सांगितली आहे: खिडकी बंद करताना यंत्र आपणहून विचारते, काम ठेवायचे का, तेव्हा होय म्हणावे. दुसरी रीत चित्र दाबण्याची आहे, पण दोन रीती दिल्या की माणूस गोंधळतो.

यंत्रावर मी अजून बसलो नाही. मच्छिंद्रने हे विचारले. मी म्हणालो, व्याकरणकाराला वक्ता असावे लागत नाही. शिवाय सर्दी आहे.

छपाईला वेळ लागेल. तूर्त पाच झेरॉक्स प्रती काढल्या.

२८ डिसेंबर, सोमवार

द्वारकाबाईंना प्रत दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि पहिले पान उघडून तिथेच उभ्याने वाचले. मच्छिंद्रने कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावून दिल्या आहेत. टंकनाचा सराव त्या डिसेंबरभर करत होत्या.

"सर, तुमी बसा की एकदा. मी बगते."

मी म्हणालो, खडूची धूळ आहे हाताला.

"मंग हात धुवा."

तेवढ्यात घंटा झाली.

४ जानेवारी १९९९

कार्डे चढवायला आजपासून सुरुवात. रोज एक खण, म्हणजे चाळीस कार्डे. आपल्याकडे रोज चारला लाइट जाते, म्हणून त्यांनी पावणेचारला आवरायचे ठरवले आहे.

७ जानेवारी

दुपारी ग्रंथालयात गेलो. द्वारकाबाईंचा वेग पाहून थक्क झालो. कार्डाकडे न पाहता टंकत होत्या. पुस्तकाचे नाव, लेखक, दाखल क्रमांक, सगळे आपोआप बोटांतून येत होते. चार दिवसांत एवढी तयारी. मी केशवरावांना म्हणालो, शिस्तीत लिहिलेल्या पुस्तकाचा हा गुण. केशवराव म्हणाले, "कार्डं पाठ झालेली दिसतात." मी म्हणालो, चाळीस-चाळीस कार्डे रोज कोणाला पाठ होतील?

द्वारकाबाईंचा चेहरा मात्र ओढलेला होता. त्यांनी विचारले, "सर, पाटी रोज पुसून कोरीच मिळती ना?"

मी म्हणालो, "हो, पाटीचा तोच तर गुण आहे." त्यांना दृष्टान्त लक्षात राहिला याचे बरे वाटले.

११ जानेवारी, सोमवार

वाईट दिवस.

मच्छिंद्र सकाळी आला. शनिवारपर्यंत सहा खण व्हायला हवे होते, म्हणजे दोनशे चाळीस कार्डे. त्याने यादी उघडली. यादी कोरी होती. एकही नोंद नाही. केशवरावांनी खण पाहिले. पहिल्या खणाच्या कार्डांवर हात लागून लागून कडा काळ्या झाल्या होत्या. बाकीच्या पाच खणांवर धूळ होती. बाईंनी सहाही दिवस तोच पहिला खण चढवला होता आणि तो सहाही दिवस गेला होता.

प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावले. मला विचारले, "पुस्तिकेत हे नाही का?"

मी म्हणालो, "आहे. स्पष्ट आहे. ज्याने वाचले त्याच्याकडून हे होणे शक्य नाही."

प्राचार्यांनी द्वारकाबाईंकडे पाहिले. "वाचलं होतं का पुस्तक?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग खाली पाहून म्हणाल्या, "न्हाई वाचलं, साहेब."

"मग कशाला चाचणी घ्यायची? एकतीसला मुदत संपते, संपू द्या."

बाई पदर सारखा करून बाहेर गेल्या.

मला वाईट वाटले. पण थोडे सुटल्यासारखेही वाटले. पुस्तिकेत दोष नाही. लोक वाचत नाहीत, हा दोष आहे.

१२ जानेवारी

मुद्रणालयातून मुखपृष्ठाचा नमुना आला. निळे आहे. नाव बऱ्यापैकी मोठे.

तो दाखवायला ग्रंथालयात गेलो. केशवराव जागेवर नव्हते. संगणकाच्या टेबलाच्या खणात पुस्तिकेची प्रत होती. तिला खाकी कागदाचे वेष्टन घातलेले होते, मुली शाळेच्या पुस्तकांना घालतात तसे. आत जवळजवळ प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या खुणा. पान ८ वरच्या ताकिदीखाली दोन रेघा. पान ३१ च्या कोपऱ्याला बोटाचा डाग पडून तो मऊ झाला होता. समासात लिहिले होते: 'रोज पावणेचारला, लाइट जायच्या आदी.'

मी प्रत परत ठेवली. नमुना कोणाला दाखवला नाही.

१३ जानेवारी

द्वारकाबाई रॅकवरची पुस्तके फडक्याने पुसत होत्या. मी सरळ विचारले.

"पावणेचारला रोज काय करत होता?"

"खिडकी वाढवत व्हते."

"म्हणजे?"

"मधलं घर दाबायचं. तुमीच लिव्हलंय. एकतीस पानावर. दाबलं का ती हालायची, ल्हान-मोठी व्हायची. मला वाटायचं झालं. मंग लाइट जायची, मंग मी घरला."

"द्वारकाबाई, वाढवणे म्हणजे तिथे मोठी करणे."

त्या पुसायच्या थांबल्या.

"सर, टेंभुर्णीला माझ्या बापाचं किराणा दुकान व्हतं. दिवस मावळला का मला म्हनायचे, द्वारका, दुकान वाढव. त्यायनी दुकान मोठं कर म्हनलं नव्हतं."

त्यांनी फडके झटकले.

"आन् तीन साल झाले, माज्या बांगड्या वाढवल्या. त्या बी मोठ्या नव्हत्या केल्या."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितले. मी विचारले, तिसऱ्या चौकोनाला हात का लावला नाही. पुस्तिकेत त्याच्यापुढे 'बंद करणे' असे लिहिले होते ना?

"आन् आठ पानावर काय लिव्हलं? थेट बंद करू नये. मोठ्या अक्षरात. मंग मी कशाला हात लावू?"

"रोज यादी कोरी दिसत होती, तर विचारायचे."

"इचारलं की. पाटी रोज पुसून मिळती ना म्हनलं. तुमी हो म्हन्ले."

मी आठवून पाहिले. म्हणालो होतो.

मग मी विचारले, "प्राचार्यांसमोर वाचले नाही असे का सांगितले?"

"तुमी आदी बोल्ले व्हते," त्या म्हणाल्या, आणि वरच्या फळीकडे वळल्या.

याचा अर्थ मला अजून नीट लागत नाही.

१४ जानेवारी

काहीही केले नाही. तास घेतले.

मनात येईल ते इथे लिहायचे असा नियम आहे, म्हणून लिहितो. दुपारी मनात आले की पुस्तक छापून होऊ द्यावे. शेवटी शुद्धिपत्र जोडता येईल. पान ३१, ओळ ९. एका शब्दासाठी एकशे बारा पाने कशाला अडवायची. बाईंचे काय करायचे, ते प्राचार्य पाहतील.

संध्याकाळी विमलला सगळे सांगितले. ती म्हणाली, "खिडकी वाढवा? म्हणजे लावून घ्यायची ना?"

"तुला मी वाचून दाखवले होते."

"मी मटार सोलत होते हो."

थोड्या वेळाने तिने विचारले, "त्या बाईंनी एकशे बारा पानं वाचली?"

"हो."

"मी नसती वाचली," विमल म्हणाली. मग म्हणाली, "जेवायला वाढते." हा शब्द आता घरभर ऐकू येतो आहे.

१६ जानेवारी, शनिवार

प्राचार्यांकडे गेलो. सांगितले की चूक पुस्तिकेची आहे. पान ३१ दाखवले. दुकान आणि नारळ ही उदाहरणे दिली. तिसरे दिले नाही.

ते हसले. "परतूरकर, असा अर्थ कोण लावतं?"

"जो मराठी वाचतो तो."

"मग बाई वाचलं नाही का म्हणाल्या?"

"त्यांनी वाचले आहे. माझ्यापेक्षा नीट."

ते खुर्चीत मागे टेकले. "आता पुस्तकाचं काय? कागद आणलाय."

"छापू नका."

"आणि बाईंची चाचणी?"

"घ्या. एकोणतीसला घ्या."

"पुस्तकाशिवाय?"

"पुस्तकाशिवाय."

ते म्हणाले, चाचणी ऐन वेळी रद्द केली तर संस्थेला कारण द्यावे लागले असते, ते टळले. मी बाहेर आलो. मुखपृष्ठाचा निळा नमुना खिशात घडी होऊन होता. तो बाबुलालच्या हॉटेलात टेबलावर विसरलो. परत आणायला गेलो नाही. इथे लिहायला हवे की अर्ध्या वाटेपर्यंत गेलो होतो.

२० जानेवारी

मच्छिंद्रला फोन करून बोलावले. द्वारकाबाई खुर्चीवर, मच्छिंद्र शेजारी, मी मागे उभा.

मच्छिंद्र माझ्याकडे पाहून म्हणाला, "म्हनून म्हनत व्हतो, सर. पुस्तकच नको. बाई, दाबून बगा, काय व्हतं ते आपोआप कळतं. तुटत न्हाई काही."

बाईंनी मधला चौकोन दाबला. खिडकी पडदाभर झाली. पुन्हा दाबला, आखडली.

"ही तर सतरंजी हाय," त्या म्हणाल्या. "पसरली. आन् ही पयली, घडी घालून खाली ठिवली. आन् तिसरं घर, उचललीच."

बावीस वर्षे शब्द शिकवणाऱ्या माणसाला 'पसरणे' सुचला नव्हता.

मच्छिंद्र खुशीत आला. "बगा, आलं का न्हाई? आता काम ठिवायला हे चित्र. कुनी सांगायची गरजच न्हाई. बाई, हे चित्र कशाचं?"

वरच्या पट्टीत एक छोटे चौकोनी चित्र होते. बाईंनी डोळे बारीक करून पाहिले.

"शटर वढलेलं दुकान."

"आँ?"

"हे काय, खाली शटर. वर पाटी. म्हनून मी त्याला हात न्हाई लावला. मला वाटलं हे बंद हाय."

मच्छिंद्रने खिशातून फ्लॉपी काढली, माहिती साठवायची चपटी चौकोनी तबकडी. चित्र तिचे होते. बाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. अशी वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. मीही आजच पाहिली.

"आता हे मला कसं कळनार, मच्छिंद्रभाऊ? तुमच्या खिशात व्हतं ते."

मच्छिंद्रने फ्लॉपी परत घेतली. त्या दिवशी राहून गेलेले उत्तर, भाषेला आई असते ते, आज देता आले असते. दिले नाही. ते फारसे खरे राहिले नव्हते.

मग त्याने एक केले. एक कार्ड चढवायला लावले आणि भिंतीवरचे बटण बंद केले. पुन्हा सुरू केले. कार्ड नाही. पुन्हा चढवायला लावले, चित्र दाबायला लावले, बटण बंद. सुरू केले. कार्ड होते.

बाई बराच वेळ त्या एका ओळीकडे पाहत राहिल्या. मी बोलणार होतो, पण त्याच म्हणाल्या, "तसं बराबर हाय म्हना. दुकान वाढवायचं म्हनलं का आदी भाईरचा माल आत घ्यायचा. मंग शटर."

"असंच ध्यानात ठिवा," मच्छिंद्र म्हणाला.

जाताना मला म्हणाला, "सर, चित्र मी काढलेलं न्हाई बरं का."

२५ जानेवारी

द्वारकाबाई रोज दोन खण करत आहेत. आज केशवरावांनी स्वतः मोजून पाहिले. सगळे जागेवर आहे.

पुस्तिकेच्या पाच झेरॉक्स प्रती परत मागवल्या. तीन आल्या. एक संस्थेच्या कार्यालयात आहे म्हणतात. पाचवी द्वारकाबाईंकडे. ती मी मागितली नाही.

२९ जानेवारी, शुक्रवार

चाचणी झाली.

जालन्याहून परीक्षक बाई आल्या होत्या, संगणक शिकवणाऱ्या. प्राचार्य, केशवराव आणि मी भिंतीशी बसलो. अट अशी: कोणताही एक खण घेऊन एका तासात तीस नोंदी, आणि नंतर तोंडी सांगतील ते करून दाखवणे. परीक्षक बाईंनी केशवरावांना खण आणायला सांगितले. केशवराव उठले आणि पहिलाच खण आणून ठेवला. तोच हाताशी असावा.

द्वारकाबाईंनी खणाकडे पाहिले, मग केशवरावांकडे. त्यांनी चष्मा पुसायला घेतला होता.

तीस नोंदी सव्वीस मिनिटांत झाल्या. द्वारकाबाईंनी कार्डाकडे पंधरा वेळाही मान वळवली नसेल. परीक्षक बाई म्हणाल्या, "कार्ड न बघताच?" द्वारकाबाई म्हणाल्या, "वळख हाय त्यायची."

मग परीक्षक बाईंनी पिशवीतून एक झेरॉक्स काढला. संस्थेच्या कार्यालयातली प्रत. त्यांनी ती मधेच उघडली आणि एक वाक्य वाचले.

"आता ही खिडकी वाढवा."

द्वारकाबाईंचा हात थांबला. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी काही बोलणे नियमात बसत नव्हते. बसत असते तरी काय बोलायचे ते मला ठाऊक नव्हते. एका बोटाने कुठले घर दाबले जाते यावर त्यांचे अंबड किंवा टेंभुर्णी ठरणार होते, आणि शब्द माझा होता.

"बाई, पसरू का वाढवू?" त्यांनी विचारले.

"पुस्तकात वाढवा आहे. ते करा."

"दोन्ही करते," द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यांनी आधी वरचे चित्र दाबले. "माल आत घेतला." मग मधला चौकोन. खिडकी पडदाभर झाली. "ही पुस्तकातली." मग तिसरा चौकोन. खिडकी नाहीशी झाली. "आन् ही आमच्याकडची."

परीक्षक बाई रिकाम्या पडद्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी यादी पुन्हा उघडायला सांगितली. तीसच्या तीस नोंदी होत्या. त्यांनी झेरॉक्सकडे एकदा पाहिले, ओठ हलवून ते वाक्य मनाशी पुन्हा वाचले आणि हसू लागल्या.

"हे लिहिलंय कोणी?"

कोणी उत्तर देईना, तेव्हा मी हात वर केला. वर्गात मुले करतात तसा.

प्रत त्यांनी मला परत दिली.

१ फेब्रुवारी

आदेश आला. द्वारकाबाई ग्रंथालय लिपिक, कायम. पेढे घेऊन विभागात आल्या. मला दोन दिले. "एक घरी, विमलताईंना." पुस्तिकेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

२२ फेब्रुवारी

सगळी कार्डे चढली. केशवरावांनी लाकडी खणांना कुलूप लावले आणि किल्ली कुठे ठेवली ते लगेच विसरले.

मी साडेतीनला एक जुना संदर्भ शोधायला गेलो. द्वारकाबाई उठल्या आणि खुर्ची मागे सरकवली.

"बसा, सर."

मी हात दाखवले. खडू होता.

"धुवून या."

धुवून आलो आणि बसलो. हे यंत्र पहिल्यांदा माझ्यासमोर होते. इतके दिवस ते मला बाजूनेच दिसले होते. कळ दाबायला जेवढा जोर लागेल असे वाटले होते, तेवढा लागत नाही.

"काय शोधू?"

"तुमचं नाव टाका."

एका बोटाने टाकले. बराच वेळ लागला. त्यांनी मधे हात घातला नाही. एक ओळ आली. दाखल क्रमांक, मग माझे नाव, मग 'संगणक परिचय, झेरॉक्स प्रत, पाने ११२'. खाकी वेष्टनातली प्रत त्यांनी ग्रंथालयात दाखल केली होती. शेवटच्या रकान्यात शेरा होता: 'पान ३१ ग्रंथालयात विचारून वाचावे.'

मी तो दोनदा वाचला. त्यात काही दुरुस्त करण्यासारखे नव्हते.

"कोणी मागितले का?" मी विचारले.

"दोघं घेऊन गेल्ते. एकोनिसाव्या पानापर्यंत गेले आन् हितं येऊन बसले. म्हन्ले, बाई, तुमीच दाखवा."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. द्वारकाबाई ग्रंथालयाच्या खऱ्या खिडक्यांच्या कड्या लावत निघाल्या. शेवटच्या खिडकीपाशी पोहोचल्यावर म्हणाल्या, "सर, लाइट जाईल. वाढवा आता."

मी आधी दुकानाचे चित्र दाबले. मग तिसरा चौकोन.